कागद कोणाच्या घरी

शेतकऱ्याच्या घरात कागद प्रेमापोटी राहत नाहीत, भीतीपोटी राहतात. उद्या तलाठी विचारेल, परवा भावकी कोर्टात ओढेल, एखाद्या सावकाराचा नातू उगवेल आणि फिटलेलं कर्ज फिटलंच नव्हतं म्हणेल, या धास्तीने आमच्या गावाकडच्या घरी एक पत्र्याची ट्रंक भरत गेली. घर सातारा जिल्ह्यातलं. निम्मी माणसं शेतावर, निम्मी मुंबईच्या गिरण्यांत. त्यामुळे ट्रंकेतही दोन थर होते. खाली सारा भरल्याच्या पावत्या, फेरफाराच्या नकला, सोसायटीच्या कर्जाचे कागद आणि मोडीतली एक-दोन खतं. ती घरात कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची मानली जात. वर गिरणीचे कागद: हजेरीची कार्डं, फंडाच्या चिठ्ठ्या, १९८२ च्या संपातली पिवळी पडलेली पत्रकं. फोटो नव्हतेच म्हटलं तरी चालेल. फोटो भिंतीवर असत, आणि भिंतीवर जायला माणसाला आधी मरावं लागे.

ही ट्रंक नीट उघडली गेली ती पुतण्याच्या जात पडताळणीसाठी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं वंशसंशोधन असंच सुरू होतं. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. ज्याने जन्मात कधी पणजोबाचं नाव विचारलं नसतं, तो पोरगा मग चुलत-चुलत आजोबाच्या शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर शोधत गावोगाव फिरतो आणि वंशावळीचा तक्ता प्रतिज्ञापत्रावर काढून देतो. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांतली दप्तरं उपसली जाऊ लागली, तेव्हा तर मोडी वाचणाऱ्यांना एकदम दिवस आले. स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. पारावर बसून माणसं मोबाइलवर कोतवाल बुकाची पानं बोटांनी मोठी करून बघताना मी पाहिली आहेत. कोतवाल बुक, म्हणजेच गाव नमुना १४, ही गावची जन्ममृत्यूची नोंद. त्यातल्या बऱ्याच ओळींत बापाचं नाव असतं, जात असते, आणि जन्माला आलेलं मूल नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. आईचा पत्ताच नसतो. तरीही आपल्या घरातलं कुणीतरी अमुक साली, अमुक तिथीला जन्मलं हे सरकारी शाईत बघितल्यावर माणसाचा चेहरा बदलतो. कामासाठी आलेला माणूस काम विसरून पुढचं पान उघडतो.

माझंही तसंच झालं. पडताळणीचं काम उरकलं, आणि मी ट्रंकेपाशीच बसून राहिलो.

मात्र खरा ऐवज ट्रंकेबाहेर होता. माजघराच्या खुंटीला एक जाड तार टांगलेली असे, किराणा दुकानात उधारीच्या चिठ्ठ्या टोचायला ठेवतात तसली. आजीने तिच्यात आजोबांच्या मनीऑर्डरींची कुपनं ओवून ठेवली होती. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपापुरती थोडी जागा सोडलेली असे. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि तेवढा तुकडा फाडून घरच्यांच्या हातात ठेवी. टपाल खात्याने १८८० साली ही सेवा सुरू केली आणि जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली थांबवली. मधल्या काळात कोकणातली आणि घाटावरची गावंच्या गावं या पैशांवर उभी राहिली. पण त्या तुकड्याची किंमत कुठल्याच कचेरीला नव्हती. पैसे पोचले की कुपनाचं काम संपलं. तलाठ्याला ते नको, कोर्टाला नको, पडताळणी समितीला नको. आजीला वाचता येत नव्हतं. तरी तिने ती टाकली नाहीत. आमच्या घरात भीतीपोटी न ठेवलेले कागद असतील तर तेवढेच.

आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कुपनावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मावत नसे, त्यामुळे त्यात शब्दांचा संसार काटकसरीचा. रुपये पंचवीस पाठवले, त्यातले दहा बियाण्याचे. खोंड विकू नये. पाऊस कसा ते कळवणे. धाकटीला ताप होता तो उतरला का. एका कुपनावर फक्त ‘खुशाल आहे’, आणि रक्कम नेहमीपेक्षा निम्मी. खुशाल असण्यावर त्या एका ठिकाणी मी विश्वास ठेवत नाही.

कुपनं काढायच्या आधी ती तारेवर असतानाच फोटो काढायचे, हे पुतण्याला मी बजावलं होतं. तारेवरचा क्रम हाही कागदच असतो: तळाचं सगळ्यात जुनं, वरचं शेवटचं. मग एकेक कुपन सोडवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पुढून आणि मागून. मागची बाजू लोक हमखास विसरतात. आमच्या कुपनांच्या पाठीवर आजीने कुणाकडून तरी हिशेब लिहून घेतलेले निघाले, दळणाचे, चुलत्याला दिलेल्या उसन्याचे. पुतण्याकडे मोबाइलवर स्कॅन करायचं एक अ‍ॅप होतं. ते कागद आपोआप पांढराशुभ्र करून देई. दिसायला अगदी सुरेख. पण त्या काळी टपालाचे फॉर्म पुष्कळदा जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने भरलेले असत, आणि साठ-सत्तर वर्षांनी ती जांभळी रेघ कागदाच्या पिवळटपणात जेमतेम उरलेली असते. अ‍ॅपने पिवळेपणा धुतला तशी रेघही धुतली, वर पोस्टाचा शिक्काही अर्धा गेला. म्हणून साधा रंगीत फोटो बरा. कागद जुना दिसतो तर दिसू दे की.

याहून भयंकर प्रकार म्हणजे लॅमिनेशन. शाळा सोडल्याचा जुना दाखला सापडला की माणसं पहिल्यांदा झेरॉक्सवाल्याकडे धावतात आणि तो गरम प्लॅस्टिकमध्ये कायमचा पुरून आणतात. जपण्याच्या भरात केलेली ही कृती परत फिरवता येत नाही. आमच्या ट्रंकेत असे दोन दाखले आहेत. त्यांच्यावर उजेड चमकतो, फोटो धड येत नाही, आणि आत शाई विटत चालली आहे ती आम्ही बाहेरून बघतो.

फोटो काढून झाल्यावर ते पोस्टाच्या शिक्क्यातल्या तारखेप्रमाणे लावले. हे काम तारेवरच्या कुपनांवर करता आलं नसतं. कागद असे पुन्हा पुन्हा हाताळले असते तर ते तुटले असते. पडद्यावर ओळीने लावल्यावर एक गोष्ट दिसली. सुरुवातीच्या सगळ्या कुपनांवर अक्षर सफाईदार, वळणदार, वेगवेगळ्या हातांचं. गाळ्यातल्या कुणा शिकलेल्याने किंवा पोस्टाबाहेरच्या लेखनिकाने लिहिलेलं असणार. मग १९५४ च्या पावसाळ्यापासून एकच अक्षर लागतं. मोठं, थरथरतं, ओळ सोडून खाली उतरणारं. जोडाक्षर आलं की अडखळणारं. आजोबा लिहायला शिकले होते. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना सही करताना बघितलं होतं, पण ती सही त्यांनी वयाच्या कितव्या वर्षी, दिवसभराच्या पाळीनंतर कुठे बसून कमावली, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पहिल्या कुपनावर काय असावं? ‘खोंड विकू नये’, पुन्हा एकदा.

हे सगळं इतरांना पाठवायचं ठरवलं तेव्हा घरात पहिल्यांदा कुरबूर झाली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ट्रंकेची किल्ली त्यांच्या कनवटीला. त्यांचं म्हणणं, कागद घराबाहेर जाता कामा नये. मी म्हणालो, तात्या, कागद जात नाहीये, फोटो जातोय. ते म्हणाले, तेच ते.

त्या वेळी मला ते हट्टीपणाचं वाटलं. पुढे वाटलं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. फोटो पाठवल्याने मूळ कागद झिजत नाही, हरवत नाही. मग पोटात दुखतं कशाचं? दुखतं ते असं: ज्याच्या घरी कागद, त्याच्याकडे घराण्याची गोष्ट सांगायचा मान. दिवाळीला पाहुणे जमले की तात्या किल्ली काढणार, एखादं खत उलगडणार, ‘हे आपल्या खापरपणजोबाचं’ म्हणणार, आणि आम्ही ऐकणार. मोडी त्यांनाही येत नव्हती, पण ते कुणी तपासत नव्हतं. एकदा तो कागद पुण्याच्या, पनवेलच्या आणि शारजाच्या फोनमध्ये गेला की कुणीतरी मोडी जाणणाऱ्याला दाखवणार. तसंच झालंही. खापरपणजोबाचं इनामपत्र म्हणून मिरवलेला कागद म्हणजे शेजारच्या गावातल्या एका बैलजोडीच्या व्यवहाराची पावती निघाली.

हा मान आणि हा अडसर काही आमच्या घरापुरता नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात. यजमान येतो, पूर्वजांच्या नोंदी ऐकतो, आपली आणि मुलाबाळांची नावं घालून सही करतो. त्या वहीचा फोटो मागितला की उपाध्ये सहसा हसून विषय बदलतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. वही हे त्यांचं वतन आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दारोदार दप्तरं शोधत हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांनाही घराघरांतून हाच अनुभव येई. कागद दाखवला तर वतनावर गदा येईल, वाटण्या उकरल्या जातील, घरची अब्रू जाईल. वाळवीला दिलेलं चाललं, संशोधकाला दिलेलं चालत नव्हतं.

उलट ज्यांच्याकडे ट्रंकच नव्हती त्यांची गोष्ट बघा. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी बरोबर कागद नेले नव्हते. त्यांची नोंद ठेवली ती वसाहतीच्या सरकारने, माणसं मोजायला आणि कामावर जुंपायला. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. १८६० च्या दशकापासून फोटोही. ते सगळं दप्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि तिथली मराठी घरं आपल्या खापरपणज्याचा चेहरा त्या वहीतून मागून घेतात. वही सरकारची, त्यामुळे तिथे कुणा एका भावाच्या कनवटीला किल्ली नाही. पण त्या फोटोतला माणूस रागावलेला होता की घाबरलेला, हे सांगणारंही कुणी नाही. त्यांना कागद मिळाला, सांगणारा मिळाला नाही. आमच्याकडे सांगणारे भरपूर होते, कागद एकाच्या ताब्यात.

अखेर तात्या तयार झाले ते एका कुपनामुळे. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की आबांनी, म्हणजे आजोबांनी, तात्यांना सातवीतून काढून औताला जुंपलं. तात्यांच्या आयुष्यातलं ते मोठं दुःख, आणि ते सांगायची त्यांची एक ठरलेली रीत होती. १९५२ च्या एका कुपनावर कुणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिलेलं निघालं: थोरल्यास शाळेतून काढू नये, पैशाची तजवीज करतो. मी ते फोनवर मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाले, ‘‘उशिरा पोचलं असेल.’’ मग थोड्या वेळाने: ‘‘हे मला पाठव. सगळ्यांना पाठव.’’

आता पाठवायचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. आमच्या घराण्याचा ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं आणि सुविचार, संध्याकाळी बाजारभाव. अशा ठिकाणी फोटो नेहमीसारखा टाकला की तो आकाराने लहान होतो, बारीक अक्षरं फुटतात, फोटो कधी काढला ही आतली माहितीही गळून पडते. मग तिथून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून तिसऱ्या, आणि दर वेळी दाबून दाबून शेवटी उरतो तो कागदाचा भास. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. हे पुतण्याने सगळ्यांना शिकवलं. पण त्याहून मोठी अडचण नावाची. कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव म्हणजे तारीख आणि आकडे. तीही कागदाची तारीख नव्हे, फोटो काढल्याची. दहा वर्षांनी कुणाला कळणार की यातला कुठला कागद कुणाचा? म्हणून आम्ही प्रत्येक फाइलला नाव दिलं: साल, काय आहे, कुणी कुणाला, मूळ कुणाकडे. आणि सोबत प्रत्येकाची एक टीप, घरातल्या माणसांनी काय सांगितलं त्याची.

ही टीपच टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. चित्र पळतं, त्याच्याबरोबरचं बोलणं मागे राहतं. ऑर्कुटवर आमच्या एका मावसभावाने मुंबईच्या खोलीतले, गणपतीतले जुने फोटो चढवले होते, खाली सगळ्यांनी कोण कुठे उभं आहे ते लिहिलं होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. फोटो त्याच्याकडे आहेत. खालचं लिहिणं गेलं, आणि त्यातली निम्मी नावं सांगणारी माणसंही आता नाहीत. दुसऱ्या एका चुलतभावाच्या फोनमध्ये त्याच्या आईचं सगळं होतं. तो अचानक गेला, आणि फोनचा पासवर्ड त्याच्याबरोबर. गूगलही आता दोन वर्षं न उघडलेली खाती पुसू शकतं. ट्रंकेचं निदान कुलूप तोडता येत होतं. त्यामुळे मी आता कुणी नको म्हणेपर्यंत पाठवत राहतो. पाच घरांत पाच प्रती असतील तर एखाद्या घरी तरी कुणीतरी जागं असेल.

हे सगळं गोडीत चाललं होतं, आणि पुतण्याने त्या ओघात १९७८ चा एक स्टॅम्पपेपर ग्रुपवर टाकला. आजोबा गेल्यानंतरचं हक्कसोड. तिन्ही आत्यांनी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडल्याचं त्यात लिहिलं आहे, खाली तीन अंगठे. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा आला, आणि तेव्हापासून गावोगाव हा कागद लिहून घेणंही आलं. कुठल्याही घरच्या ट्रंकेत हात घाला, एखादं तरी सापडेल. पण ते भाऊबिजेच्या आठवड्यात बहिणींच्या फोनवर जात नाही. ग्रुप त्या दिवशी गप्प झाला. बाजारभावसुद्धा आले नाहीत.

रात्री धाकट्या आत्याचा व्हॉइस मेसेज आला. तिघींतली ती एकटीच आता आहे, फलटणकडे असते. टायपिंग तिला जमत नाही, बोलणं उत्तम जमतं. ती म्हणाली, ‘‘तो मधला अंगठा माझा. पण मला सही येत होती रे. चौथी शिकलेय मी. लिहिणारा म्हणाला, दोघींचा अंगठाच आहे, तुमचाही द्या, कागद एकसारखा दिसेल. मी दिला.’’ बस, एवढंच. जमिनीबद्दल चकार शब्द नाही.

कागदावर यातलं काही नाही आणि असणारही नाही. कागद म्हणतो, अंगठा. कितीही चांगल्या कॅमेऱ्याने टिपला तरी अंगठाच. उद्या कुणी संशोधक तो बघून लिहील की या घरातल्या तिन्ही मुली निरक्षर होत्या, आणि त्याचा पुरावाही बिनचूक असेल.

मी तो व्हॉइस मेसेज फाइलशेजारी ठेवला आणि टीप लिहिली. तात्यांना ते पटलं नाही. ‘‘कागदावर आहे तेवढं पुरे. हे कशाला? उद्या पोरं कोर्टात जातील.’’ त्यांची भीती अगदीच खोटी नाही, आणि ट्रंक भरली तीही याच भीतीने. मी त्यांना म्हणालो, तुमचंही म्हणणं लिहितो, खाली तुमच्या नावाने. त्यांनी विचार करून दोन वाक्यं सांगितली: त्या वर्षी दुष्काळी कर्ज डोक्यावर होतं, आणि बहिणींना दर दिवाळीला साडी-चोळी कधी चुकली नाही. तीही टिपेत घातली.

दोन दिवसांनी आत्याच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याला तो कागद मूळ आकारात हवा होता, डॉक्युमेंट म्हणून. तात्यांनी विचारलं, कशाला हवाय त्याला? मी म्हणालो, त्यालाच विचारा. त्यांनी फोन लावला, बराच वेळ बोलले, बहुतेक उसाबद्दल. कागद पाठवला.

आत्याला मात्र टीप काय लिहिली ते ऐकायचं होतं. मी फोनवर वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली, आणि ‘चौथी शिकलेली’ खोडून ‘चौथीत पहिली आलेली’ असं करायला लावलं. शेजारी बसलेले तात्या म्हणाले, पहिली नव्हती, दुसरी होती. तेही लिहून ठेवलं आहे.